मी कशाने वारले ते कळवावे

४ फेब्रुवारी

दुकानदारास,

धाकट्या भावाला आशीर्वाद लिहायचे असतात, पण मेलेल्या बाईचे आशीर्वाद लागू पडतात की नाही ठाऊक नाही, म्हणून राखून ठेवते. माझा नंबर तू ब्लॉक केलायस. चष्म्याच्या दुकानात फोन केला तर तुझा माणूस "साहेब बाहेर गेलेत" म्हणतो आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. म्हणून हे पत्र. फाडण्याआधी वाच.

तर मुद्द्याचं विचारते. मी कशाने वारले?

तुला माहीत नसेल, कारण पंधरा वर्षांत विचारलं कुणी! मी इथे ड्रायव्हिंग स्कूल चालवते. भागीदारीण कागदपत्रं आणि नावं-गावं बघते, मी रस्ता बघते. माझ्याकडे माणसं वेळेवरून ओळखली जातात. सातच्या बाई, आठचे काका. गेल्या महिन्यापासून साडेसातची एक पोरगी येते. पलीकडच्या हॉस्टेलवर राहते, कॉलेजात शिकते. सरळ रस्त्यावर छान चालवते, चढावर मात्र गाडी बंद पाडते. काल पुलाच्या चढावर तिसऱ्यांदा बंद पाडली तेव्हा मी तिला चांगलीच झापली. मागे हॉर्नवर हॉर्न. रडायच्याऐवजी ही हसायलाच लागली. म्हणाली, "मॅडम, माझी आत्या असती तर अश्शीच ओरडली असती. बाबा सांगायचे, तिचा आवाज तिसऱ्या मजल्यावर जायचा."

मी म्हटलं, "असती म्हणजे?"

"वारली ना. मी चार वर्षांची होते."

मी म्हटलं, "अरेरे."

स्वतःच्या मरणाबद्दल अरेरे म्हणणारी बाई मी पहिलीच असेन. तेव्हा मला काही कळलं नव्हतं हं. लोकांच्या आत्या मरतात, त्यात काय! मग गाडी बाजूला घेतली, तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि पडद्यावर "बाबा" म्हणून तुझं थोबाड आलं. केस गेलेत, बाकी तसाच आहेस, कडू औषध प्यायल्यासारखा. ती तुझ्याशी बोलत होती, "हो बाबा, जेवले बाबा," आणि मी शेजारच्या सीटवर मरून बसले होते.

माझी ठमी. जिचे दात आले, पाय फुटले, पहिला शब्द आला, ते सगळं माझ्या मांडीवर. तू दुकानात, वहिनी नोकरीवर, आणि मी घरात. एवढ्या मोठ्या शहरात इतकी स्कुलं पडलीयेत आणि ती नेमकी माझ्याच गाडीत येऊन बसली. याला मी काय करू?

अजून तिला काही बोललेले नाही. आधी तुझ्याकडून ऐकायचंय.

तुझी,
कैलासवासी ताई


११ फेब्रुवारी

स.न.वि.वि.

पत्र मिळालं. विचारलंस म्हणून सांगतो. तापाने. चार वर्षांच्या मुलीला कळेल असं तेवढंच सुचलं.

आता तू विसरलेली एक गोष्ट. तू माझ्या मुलीला न विचारता, न सांगता, त्या तुझ्या खटारा गाडीत घालून घेऊन गेलीस. दुपारी गेलीस ती अंधार पडल्यावर परत आलीस. आम्ही पोलीस चौकीपर्यंत जाऊन आलो होतो. तुझ्या वहिनीची काय अवस्था होती ते मी पाहिलंय. आणि तू हसत हसत जिना चढलीस, "गाडी बंद पडली रे." मी चिडलो. कुठलाही बाप चिडला असता. त्यावर तू बॅग भरलीस आणि जिन्यात उभी राहून ओरडलीस, "आजपासून मी मेले असं समजा!" सगळ्या बिल्डिंगने ऐकलं. मी तसं समजलो. एवढाच माझा गुन्हा.

पुढचं स्पष्ट लिहितो. तिला काही सांगायचं नाही. तिला दुसऱ्या कुणाकडे सोपवायचं, उद्याच्या उद्या. तब्येतीचं कारण सांग, काहीही सांग. पंधरा वर्षं तुझ्यावाचून तिचं काही अडलं नाही, पुढेही अडणार नाही.

आणि ती गाडी कशाला शिकतेय? मला बोललेली नाही. तू तिच्या डोक्यात भरवलं नसशील कशावरून?

कळावे.


१६ फेब्रुवारी

भाऊराया,

सख्ख्या बहिणीला स.न.वि.वि. लिहितोस? वीजबिलाची तक्रार करतोयस का? खाली "लोभ असावा" तेवढं राहिलं बघ.

तू "चिडलो" लिहिलंस. काय बोललास ते का नाही लिहिलंस? पेन चालेना? मी लिहिते. सगळ्या शेजारपाजाऱ्यांसमोर तू म्हणालास, "स्वतःला मूल नाही म्हणून दुसऱ्याचं पळवतेस!" मी जिन्यात ओरडले ते बिल्डिंगने ऐकलं म्हणतोस ना? मग हे पण ऐकलं होतं. चार वर्षं तुझ्या पोरीचं शी-शू काढलं त्याचं हे बक्षीस. मी मेले म्हणाले नसते तर काय म्हणाले असते, आभारी आहे?

तिला दुसऱ्याकडे देणार नाही. अजिबात नाही. तू मला हुकूम सोडायचे दिवस कधीच गेले, खरं म्हणजे आलेच नव्हते.

ती गाडी का शिकते ते ऐकायचंय? ऐक. तिने कुणाला सांगू नका म्हणून सांगितलं होतं, पण तुला लाज वाटावी म्हणून सांगते. तुला दिवे लागल्यावर दिसत नाही म्हणे. गाडी झाकून ठेवलीयेस. जगाचे नंबर काढतोस आणि स्वतःचे डोळे दाखवायला जात नाहीस, रोज उद्यावर ढकलतोस. तर पोरगी गाडी शिकून येणार आणि तुला धरून डॉक्टरकडे नेणार. तुला न सांगता. तुझ्यासाठी! असल्या बापासाठी!

आणि वहिनी. ती तीन वर्षांपूर्वी गेली, हे मला साडेसातच्या धड्याला कळलं, आरसा नीट लावता लावता. ती आधी माझी मैत्रीण होती, मग तुझी बायको झाली. तुमचं जमवलं मी. जिवंत माणूस मेलं म्हणून सांगितलंस आणि मेलेलं माणूस सांगितलंच नाहीस. तुला काय म्हणावं रे?

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिची टेस्ट आहे. त्याच्या आत तू तिला खरं सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मी माझ्या पद्धतीने सांगेन.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

स.न.वि.वि. काढून टाकलं. खूश?

तुला फार माहिती आहे ना, मग ही पण घे. तू गेल्यावर तुझी ठमी रोज संध्याकाळी बूट घालून दारात बसायची. आत्या आली की गाडीतून जायचंय म्हणायची. ताट दारात न्यावं लागायचं. झोप लागली की उचलून आत आणायचो, तेव्हाही बूट काढू द्यायची नाही. परगावी गेली सांगितलं, तर कधी येणार? कामाला गेली सांगितलं, तर किती वाजता सुटते? वहिनीने तुला फोनवर फोन केले. तू एकही उचलला नाहीस. एकही नाही, ताई. आठवून बघ.

मग एक दिवस मी तिच्यापुढे बसलो आणि आत्या देवाघरी गेली म्हणून सांगितलं. खूप रडली. दोन दिवस तिलाच ताप. म्हणून तुझ्या मरणाला ताप चिकटला. मग तिने बूट काढले आणि आत येऊन जेवायला बसली. मी जगातला नालायक माणूस असेन, पण त्या दिवशी ती आत येऊन जेवली.

पुढे वाटलं, मोठी झाली की सांगू. शाळेत गेली, राहिलं. दहावी झाली, राहिलं. प्रत्येक वर्षी सांगणं जास्त अवघड झालं. वहिनी शेवटी हॉस्पिटलात होती तेव्हा म्हणाली, तिला बोलवा. मी नाही बोलावलं. कसा बोलावणार? मेलेली आत्या आईला बघायला आली म्हणून पोरीला सांगू? वहिनी वाट बघत गेली. त्याचं मला काय वाटतं ते तुला लिहिणार नाही.

दया यावी म्हणून हे लिहीत नाहीये. तू दया करणाऱ्यांतली नव्हेस. पण मला आता ती एकटीच आहे. तिला कळलं की मी पंधरा वर्षं खोटं बोललो, तर ती माझं तोंड बघणार नाही. ती तुझ्यावर गेलीये, एकदा गेली की मागे वळायची नाही.

मला थोडा वेळ दे. टेस्ट होऊ दे. सुट्टीत घरी आली की समोर बसवून सांगतो. तोवर गप्प राहा. आणि डोळ्यांचं तू मला कळवलंस हे तिला सांगू नकोस.


२८ फेब्रुवारी

बुटांचं वाचलं. सातच्या बाईंचा धडा रद्द केला आणि गाडीत काचा वर करून बसले होते. त्यापेक्षा जास्त तुला सांगणार नाही, उगाच तुला गार वाटेल.

फोन उचलले नाहीत, खरंय. तू माफी मागशील म्हणून थांबले होते. वहिनीने का मागावी? तू मागायची होतीस ती. अजूनही मागितलेली नाहीस, हे या पत्रातही माझ्या लक्षात आलंय.

ठीक आहे. तू सांगेपर्यंत मी सांगत नाही. पण मी तिच्या सुट्टीची वाट बघत बसले आणि ती टेस्ट देऊन निघून गेली तर मला काय उरलं? लायसन्स हातात आलं की कुणी ड्रायव्हिंग स्कूलला परत येत नाही. म्हणून मी तिची टेस्ट पुढे ढकललीये. तुझा रिव्हर्स कच्चा आहे म्हटलं, अजून महिनाभर लागेल. ती लगेच तयार झाली. गुणी पोर आहे. आता साडेसातच्या ऐवजी सव्वासातलाच येते. आम्ही लांब जाऊन येतो, ती बडबड करते आणि मी ऐकते. परवा मला म्हणाली, आत्या दिसायला कशी होती ते तिला आठवत नाही, घरात फोटोच नाही. मी विचारलं, कशी असेल असं वाटतं? म्हणाली, उंच. मी आपली पोट आत घेऊन ताठ बसले.

तर तू सावकाश सांग. मला काही घाई नाही.

ताई


९ मार्च

काय बाई आहेस!

काल पोरीचा फोन. हुंदके देत होती. म्हणे मला कधीच जमणार नाही, मॅडम म्हणतात रिव्हर्स अजून कच्चा, बरोबरच्या सगळ्या मुली पास झाल्या, बाबा मी मूर्ख आहे का? शेवटी मला डोळ्यांच्या डॉक्टरचंही सांगून टाकलं. सरप्राइज द्यायचं होतं म्हणाली, आता काही देता येत नाही.

तेव्हा मला तुझं पत्र आठवलं. मी दुकानात गिऱ्हाईक सोडून उभा राहिलो. गुणी पोर म्हणतेस आणि तिला रडवतेस? स्वतःजवळ ठेवायला? पंधरा वर्षांपूर्वी तुला बोललो ते चुकलं की काय असं मला इतक्यात वाटायला लागलं होतं. आता नाही वाटत. तू तेव्हाही माझी पोर न्यायचीस तशीच आत्ताही नेतेयस.

मी तिथल्या तिथे तिला सगळं सांगितलं. समोर बसवून सांगणार होतो ते फोनवर सांगावं लागलं, तुझ्या कृपेने. रिव्हर्सचं पण सांगितलं. तिने ऐकलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही.

झालं समाधान?


१५ मार्च

मॅडम,

दुसरा कुठला शब्द लिहायचा ते कळलं नाही. आत्या लिहून पाहिलं, खोडलं. याच पत्राचा फोटो बाबांना पाठवतेय, म्हणजे दोघांना वेगवेगळं सांगावं लागणार नाही. वेगवेगळं सांगायची सवय आपल्या घराण्यात झाली तेवढी पुरे.

बाबांवर चिडलेय. त्यांचं त्यांना सांगेन. तुमच्यावर का चिडलेय ते लिहिते, कारण तुम्हाला वाटत असेल की तुमचा काय दोष.

बाबा एकदा खोटं बोलले आणि मग घाबरून गप्प बसले. तुम्ही रोज सकाळी बोललात. मी तुम्हाला आईचं सांगितलं. शेवटच्या दिवसांत ती कुणाची तरी वाट बघायची आणि मला नाव सांगायची नाही, हे मी अख्ख्या जगात फक्त तुम्हाला सांगितलं. तुम्हाला माहीत होतं कुणाची. तुम्ही म्हणालात, "आरशात बघ, मागून ट्रक येतोय."

मला तुम्ही आवडायला लागला होतात. हॉस्टेलवर मी तुमच्या नकला करायचे, सगळ्या पोरी लोळायच्या. आणि तुम्ही मला सांगत होतात की मी कच्ची आहे. मी रोज कॉलेजच्या मागे दोन डबे ठेवून मैत्रिणीच्या गाडीवर रिव्हर्स घोटत होते. स्वतःच्या डोक्यावर हात मारून घेत होते. तुम्हाला माझी सोबत हवी होती तर मागायची. मी दिली असती, हो. तुम्ही कोण ते माहीत नसतानाही दिली असती.

मी चार वर्षांची असताना तुमच्यासाठी रडले. ते मला आठवतं, तुमचा चेहरा आठवत नाही पण रडले ते आठवतं. तुम्ही तेव्हा जिवंत होतात, फोन समोर वाजत होता. माझं ते रडणं फुकट गेलं. त्याचं काय करायचं ते तुम्ही दोघांनी मला सांगा.

स्टेशनजवळच्या स्कूलमधून काल टेस्ट दिली. पास. पुढच्या रविवारी बाबांना डॉक्टरकडे नेणार आहे. चिडलेय म्हणून त्यांना आंधळं होऊ देऊ का? तुमच्याकडे परत येणार नाही.

साडेसातची


१९ मार्च

तिचं पत्र तुझ्याकडेही आलं असेल. मी तीनदा वाचलं. एक अक्षर खोटं नाही.

या वेळी मला तू मारलं नाहीस. या वेळी माझी मीच मेले.

भांडायला त्राण नाही, तेव्हा एवढंच कर. रविवारी तू तिच्या शेजारी बसशील. तुला रस्ता दिसत नसला तरी "हळू, हळू" करू नकोस, ती बिचकते. आणि तिला सांग की रिव्हर्स तिला दुसऱ्याच दिवशी आला होता. इतक्या वर्षांत इतका सफाईदार रिव्हर्स माझ्याकडे कुणी घेतला नाही. माझ्या तोंडून तिला आता ते खरं वाटणार नाही. तू सांग.

ताई


२६ मार्च

ताई,

रविवारी डॉक्टरकडे गेलो. मोतीबिंदू आहे, काढला की दिसेल. एवढ्यासाठी दोन वर्षं घाबरत होतो. पोरगी जाता-येता फक्त "बेल्ट लावा" म्हणाली. चालवते मात्र झकास.

तुझा निरोप मी सांगितलेला नाही. सांगणारही नाही. स्वतःचं स्वतः येऊन बोल.

पुढच्या शनिवारी माझं ऑपरेशन आहे. ती सुट्टी काढून येणार आहे, आठवडाभर राहणार आहे. तू रविवारी सकाळी घरी ये. मी तिला विचारलं, आत्याला बोलावू का? हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. उठून तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मला तर वाटतं ती तुला दारातच उभं करेल, आणि करू दे. उभी राहा. जिन्यातून ओरडून परत निघालीस तर मात्र मी खरंच तोंड बघणार नाही.

शेजाऱ्यांसमोर तुला बोललो, ते बोलायला नको होतं. हे पंधरा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं. तेव्हा म्हटलं असतं तर ती दारात बसली नसती, आणि तिची आई वाट बघत गेली नसती. माझ्याने पुढे लिहवत नाही.

माझ्या डोळ्यावर पट्टी असेल, तेव्हा तुला दार तीच उघडेल.

भाऊ